स्टुलासाठी घातलेला बहिष्कार

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्यातला बहुतेक घरातल्या घरात जिरला. एक मात्र मी सोसायटीच्या फळ्यावर खडूने, सुवाच्य अक्षरात लिहून काढला. खाली सही ठोकून.

तेव्हा मी पन्नाशीच्या आसपास होते. शाळेत इतिहास शिकवत होते आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. कर्वेनगरात आमच्या सोसायटीजवळ ते मोठं दुकान उघडलं ते याच सुमारास. हिंजवडीला कंपन्या आल्या होत्या, घरोघरची मुलं रात्ररात्र जागून परदेशातल्या लोकांची कामं करत होती, आणि त्यांच्या आयांना ट्रॉली ढकलत गार हवेत साबुदाणा घ्यायची हौस आली होती. मलाही आली होती. मी काही आभाळातून पडले नव्हते.

खरं सांगायचं तर आधी मी त्या दुकानावर भाळलेच. जन्मभर मी बसलेल्या दुकानदारांपुढे उभी राहिलेली बाई. आमचा वाणी गादीवरून न उठता विचारायचा, "मागच्या आठवड्यात डाळ नेलीत ना? एवढ्यात संपली?" इथे दारातच एक जण वाकून नमस्कार करायचा. पैसे घेणाऱ्या मुली ताठ उभ्या राहून 'मॅडम' म्हणायच्या. आपल्यासाठी कुणीतरी उभं आहे, या कल्पनेनेच मी अशी फुगले की गरज नसताना मक्याच्या लाह्यांचा परदेशी खोका घेऊन आले. घरात कुणी तोंड लावलं नाही. शेवटी चिवडा केला, तोही वातड झाला.

मालकाचं राजकारणही दारातच टांगलेलं होतं. भल्यामोठ्या फोटोत मालक एका पुढाऱ्यापुढे कमरेत वाकले होते, आणि खाली 'आपण सारे एक कुटुंब' असं लिहिलं होतं. मी घरी येऊन नाक मुरडलं. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "तूरडाळीला पक्ष नसतो." मी त्यांना 'तुम्हाला समाजभान नाही' असं ऐकवलं आणि त्याच दुकानातला चहा करून दिला.

शेवटच्या काउंटरवर एक मुलगी असायची. विशीची असेल. एकदा सामान पिशवीत भरताना ती जराशी कळवळली. मी विचारलं, "काय गं, पाय दुखतात का?" आजूबाजूला बघून ती हळूच म्हणाली, "काकू, दिवसभर उभं राहायचं असतं. बसायला स्टूलच नाही. टेकलेलं दिसलं की पगार कापतात. मॅनेजर साहेब म्हणतात, बसलेली मुलगी गिऱ्हाइकांना आवडत नाही." मग चार दिवसांनी आणखी थोडं. ती बिबवेवाडीहून यायची, स्वारगेटला बस बदलून. बाथरूमला जायचं तरी विचारावं लागायचं. वडील आजारी, धाकटा भाऊ शिकतोय, घर हिच्यावर. "पण कुणाला बोलू नका हं काकू, नोकरी जाईल." मी म्हटलं, "छे गं! मी कशाला बोलू?"

बोलले नाहीच. लिहिलं.

सोसायटीचा फळा पाणी कधी येणार हे लिहायला होता आणि माझं अक्षर चांगलं म्हणून खडू माझ्याकडे असायचा. पाण्याच्या वेळेखाली मी बहिष्काराचं आवाहन लिहिलं. मुलींना बसायला स्टूल मिळेपर्यंत त्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेऊ नये, वगैरे. आता एवढ्यावर थांबेल ती इतिहासाची बाई कसली? पुराव्याशिवाय विधान करायचं नाही, हे मी पोरांना वर्षानुवर्षं बजावत आलेली. म्हणून कंसात आधार दिला: 'ही माहिती शेवटच्या काउंटरवरील, बिबवेवाडीहून बस बदलून येणाऱ्या मुलीने प्रत्यक्ष दिलेली आहे.' नाव लिहिलं नाही. नाव लिहिलं नाही म्हणून मी स्वतःला किती सुज्ञ समजले होते, ते आठवलं की अजून माझेच कान धरावेसे वाटतात.

फळा गाजला. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ दोनदा वाचून म्हणाले, "मुद्दा योग्य आहे. पण पाण्याची वेळ फार बारीक झाली." भिशीच्या बायकांनी माझ्याकडे चहा पिता पिता शपथ घेतली. त्यातली एक दुसऱ्याच आठवड्यात त्या दुकानाची पिशवी घेऊन जिन्यात भेटली. मी पिशवीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी नाही हो गेले. हे गेले होते. ह्यांनी कुठे शपथ घेतलीय?" दुसरीने साखर तिथूनच आणली, पण बहिष्काराचा मान राखून साध्या पिशवीतून आणली.

मी मात्र निष्ठेने जुन्या वाण्याकडे परतले. त्याच्याकडे सामान घेताना मला आपण अन्यायाविरुद्ध लढतोय असं वाटायचं. मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याची बायको सकाळपासून वाकून धान्य पाखडत असायची. तिला गादीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण तिच्यासाठी फळ्यावर जागा उरली नव्हती. आणि माझ्या स्वतःच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना मी आठवड्याची सुट्टी देत नव्हते, हे तर मला बहिष्कार संपल्यावर, तेही त्यांनी बोलून दाखवल्यावर कळलं.

आता माझी नात फोनवर बहिष्कार घालते. तिला खडूसुद्धा लागत नाही. "आजी, ह्या ॲपवरून काही मागवायचं नाही. त्यांचा ओनर टोटली टॉक्सिक आहे." मग ती दुसऱ्या ॲपवरून मागवते. दोन्ही ॲपचे शर्ट घातलेली माणसं आमच्या फाटकाबाहेर एकाच झाडाखाली घाम पुसत उभी असतात. ती चुकते असं मी म्हणत नाही. माल विकणारा माणसांना कसं वागवतो ते बघूनच दुकान निवडावं, असं मला आजही वाटतं आणि मी बघते. पण निवड करून झाल्यावर आपण स्वतःकडे ज्या कौतुकाने बघतो ना, त्याची मला शिसारी येते. कारण ते कौतुक मी पोटभर करून घेतलेलं आहे.

तर दोनेक महिने गेले आणि बातमी आली की दुकानात स्टुलं आली. मी मिरवतच गेले. खरंच, काउंटरमागे मुली बसल्या होत्या. शेवटच्या काउंटरवर वेगळीच कुणी होती. "ती आधीची कुठे आहे गं?" असं विचारल्यावर ती यंत्राकडे बघत म्हणाली, "सोडून गेली." मी समजले, चांगली नोकरी लागली असेल. खुशीत दोन पिशव्या भरून सामान घेतलं.

काही दिवसांनी साताऱ्याची गाडी पकडायला स्वारगेटला गेले, तर ती पाण्याच्या टाकीपाशी उभी. मीच हाक मारली. "अगं, स्टुलं आली! बघितलंस का? आपण जिंकलो!"

"हो, ऐकलं," ती म्हणाली.

"आणि तू कुठे असतेस आता?"

"कुठेच नाही. साहेब तुमच्याच सोसायटीत भाड्याने राहायचे, मागच्या इमारतीत. फळा वाचूनच कामाला आले त्या दिवशी. म्हणाले, बिबवेवाडीहून बस बदलून कोण येतं? मी एकटीच होते. संध्याकाळी घरी पाठवलं." मग म्हणाली, "भावाचं कॉलेज सुटलं. तो जातो आता कामाला."

माझ्या तोंडून तेव्हा काय निघावं? माफी नाही, काही नाही. माझ्यातली ती मास्तरीण ताठ मानेने म्हणाली, "हा सरळसरळ अन्याय आहे! थांब, मी आजच परत फळ्यावर लिहिते. तुझं नाव घालून लिहिते!"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गातल्या ढ मुलाकडे मी जशी बघायचे, तशी. तिची बस लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून ती म्हणाली, "काकू, तुम्हाला नव्हतं जायचं त्या दुकानात, तर नव्हतं जायचं. मला कशाला सोबत घेतलंत?"