आईचे पैंजण आणि हुपरीची गाडी

जानेवारीतला रविवार. हजर: मी, माझी धाकटी बहीण आणि आमची आई, वय शहात्तर. गैरहजर: नळ दुरुस्त करणारा, ज्याच्यासाठी आम्ही तिघी सकाळपासून थांबलो होतो.

अकरा वाजता त्याचा फोन आला, आज जमत नाही. दिवस मोकळा पडला. बहीण म्हणाली, कुठंतरी जाऊ या. मी वही उघडून काय काय बरोबर घ्यायचं ते लिहायला लागले, तोवर आईनं चपला घातल्याही.

"हुपरीला जाऊ. मला गाडी फुकट हाय, तुमास्नी अर्धं तिकीट. घरात बसून काय मिळतंय?"

कोल्हापुरातून तासाभराचा रस्ता. लहानपणी हुपरीची चांदी म्हटलं की मला वाटायचं, तिथं चांदीची खाण असणार. खाण नाही, घरं आहेत. एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात घुंगरं करतात, तिसऱ्यात कड्या जोडतात, पॉलिश आणखी कुठंतरी. पैंजणांची एक जोडी अशा चार गल्ल्या हिंडते, तेव्हा कुठं दुकानात पोचते.

स्टँडवर उतरल्यावर आईनं पिशवीतून कापडी बटवा काढला. त्यात तिच्या लग्नातले पैंजण होते. एकाची कडी तुटलेली, दोन घुंगरं गेलेली. वडील गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून ही जोडी डब्यात होती आणि माझ्या वहीत दोन वर्षं एक ओळ होती: पैंजण दुरुस्त करून भाचीला देणे. भाची म्हणजे या बहिणीची मुलगी; तिला मी तसं सांगूनही ठेवलं होतं.

"हे कधी घेतलंस?" मी विचारलं.

"नळवाला येणार म्हणालीस तवाच. त्यो कधी आलाय?"

म्हणजे आमच्यातल्या एकीची तयारी पक्की होती.

विचारत विचारत एका घरी गेलो. पुढच्या खोलीत एक बाई कड्या जोडत बसली होती. "या की पावणं," म्हणत तिनं हातातली ज्योत बारीक केली. जोडी उलटसुलट करून पाहिली. कडी ती जोडणार होती, घुंगरं मात्र मागच्या गल्लीतून आणायची होती. बहीण गेली आणि पाच मिनिटांत मुठीत दोन घुंगरं घेऊन आली.

"माप कुणाचं?" बाईनं विचारलं.

मी वही काढली. "मुलगी एकोणीस वर्षांची आहे, पाय बारीक आहे. दोन कड्या कमी करा."

तेवढ्यात आईनं चप्पल काढली, लुगडं जरा वर धरलं आणि पाय समोरच्या पाटावर ठेवला.

बाईनं आईच्या कपाळाकडं पाहिलं, मग पायाकडं. "पाय सुजतोय का काकू, सांजचा?"

"सुजतोय की."

"मग कमी न्हाय, एक कडी वाढवाया लागंल."

बहिणीनं खालच्या आवाजात विचारलं, "आई, गुरवारी आत्या येणार हाय. ती काय म्हणंल?"

"तिला ऐकू येतंय कुठं?"

"दिसतंय की पण!"

"मग बघू दे."

बाई हसली, मग आम्हीही. मी वहीत 'कमी' खोडून 'वाढवणे' लिहिलं. खरं सांगायचं तर मला आईचा थोडा रागही आला होता. आठ वर्षांत मी तिला पैंजणांचं एकदाही विचारलं नव्हतं, आणि माझ्या वहीत तर तिचं सगळं असतं: गोळ्या, डोळ्यांची तपासणी, पेन्शनचा दाखला.

पॉलिश करणारे लग्नाला गेले होते, जोडी मंगळवारी मिळणार होती. आम्ही मिसळ खाल्ली, उन्हात गल्ल्या पाहिल्या. परतीच्या गाडीत आईनं खिडकीची जागा घेतली ती कोल्हापूरपर्यंत सोडली नाही.

मंगळवारी मी रजा टाकणार होते. आई म्हणाली, "तू कशाला? गाडी मला फुकट हाय." एकटी गेली आणि येताना पैंजण घालूनच आली. जिन्यावर आवाज ऐकून आधी मला कळेना कोण येतंय.

गुरुवारी आत्या आली. आईच्या पायांकडं बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, चहात साखर कमी आहे.

नळही दुरुस्त झाला. त्या रविवारचं एकच काम राहिलंय. बहीण म्हणते, वही तुझी, तूच कर. रोज सकाळी ती ओळ दिसते: पैंजण येणार नाहीत, भाचीला सांगणे.