‘इथं पाणी न्हाय’: दिवेआगरमागच्या डोंगरावर दोन दिवस

गणपतदादांचा फोन आला. "भाऊ, आमच्या डोंगरावर दगडाची खाण येतेय. सभा लावलीय. तुम्ही येऊन बोला." बोलणं हेच मी आयुष्यभर करत आलोय. शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो.

ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बोर्ली. गाडीने पाच तास. म्हसळ्यापुढे वळणं फार, घाई करू नका. दिवेआगरला वाडीतली खोली पंधराशेला मिळाली, सुरमईच्या ताटाचे पैसे वेगळे. दादांचं गाव तिथून आत, डोंगराच्या पायथ्याशी. दादा विहिरी खणणारे, पाण्याची जागा अचूक सांगणारे. वादळात त्यांच्या सगळ्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. नव्या रोपांनी आता कुठे डोकं वर काढलंय, आणि ती जगतात डोंगरातून येणाऱ्या एका झऱ्यावर. भर मे महिन्यात मी त्यात पाय बुडवले.

झऱ्याकाठी सावलीत लाकडी पेट्या होत्या. बोअर मारून काढलेले दगडाचे गोल दांडे त्यांत ओळीने मांडलेले. कंपनीची तरुण भूवैज्ञानिक त्यांवर हात फिरवत म्हणाली, "कुठे फट नाही, माती नाही. असा कातळ क्वचित मिळतो सर."

"आणि सुरुंगांनी झरा तुटला तर?"

"अहवालात तो पावसाळी म्हणून नोंदलाय."

पाणी तिच्या बुटांवरून वाहत होतं.

"पण एवढ्या मोठ्या डोंगरात नेमका हाच कातळ यांना सापडला कसा?" दादांच्या ओटीवर मी चिडून विचारलं. आतून वहिनींचा आवाज आला, "सांगा की आता! वाट कुणी दाखवली ते!"

"मला वाटलं सरकारी बोअर, पाण्यासाठी," दादा म्हणाले. "जागोजागी चुन्याच्या फुल्या मारून सांगितलं, इथं पाणी न्हाय, नुसता काळा कातळ हाय, पैसे घालवू नका. तर येडे नेमके तिथंच मशीन लावायचे. मी हसायचो भाऊ. शहाळी पाजली त्यांना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळापुढे मी तासभर बोललो. डोंगर कुणाचा, पाणी कुणाचं, विकास कुणाचा! टाळ्या पडल्या. मग दादा उठले.

"बोललात बरं. पण त्यो कातळ चांगला न्हाय, असं सांगता येईल का?"

चाळीस वर्षं मी सभा जिंकतोय. नाही म्हणून मान हलवली आणि खाली बसलो. चाळीस वर्षांत दादांनी दाखवलेली एकही जागा, पाण्याची वा कातळाची, चुकली नव्हती; सगळा गाव ते जाणून होता.

घरी परतून पंधरा दिवस झाले. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, अर्ज केले. काल दादांचा फोन आला. मोजणीवाले पुन्हा आले होते, लाल झेंड्या घेऊन. एक त्यांच्या वाडीच्या कुंपणाला लावून गेले.

"तुम्ही काही म्हणालात?"

"काय म्हणू? या टायमाला मला कुणी इचारलंच न्हाय."

तुम्हाला जायचं असेल तर या उन्हाळ्यातच जा. बोर्लीहून रिक्षा मिळते. झरा कुठे आहे ते दादा दाखवतील. आधी आपण कशासाठी आलोय ते मात्र त्यांना सांगा.