सुलभाकाकूंची शनिवारची वाइन

सुलभाकाकू नवऱ्याशी खोटं बोलायला लागल्या त्या साठी उलटल्यावर, आणि तेही अर्धंच. "आम्ही बायका द्राक्षाचे मळे बघायला जातोय," असं त्या सांगायच्या. त्यात द्राक्षं होती, मळे होते, बायकाही होत्या. त्या द्राक्षांचं पुढे काय होतं, तेवढाच भाग काकू गाळायच्या.

पुरुषोत्तमकाका म्हणायचे, "जा की. येताना थोडी आण." मग काकू वाटेतल्या दुकानातून द्राक्षं आणायच्या. काका एकेक द्राक्ष तोंडात टाकत "मळ्यातल्या मालाची चवच वेगळी" म्हणायचे, आणि काकू भांडी घासायला निघून जायच्या. भांडी घासलेली असली तरी.

सुरुवात झाली शोभनाच्या वाढदिवसाला. शोभना त्यांची अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातली जुनी शेजारीण. वाढदिवस कुठे करायचा हे ठरवलं यामिनीने. ही नागपूरची, चाळिशीतली, कंपनीत दहा माणसांवर मॅनेजर आणि सुट्टीच्या दिवशी या दोघींवर. शहराबाहेर नदीच्या बाजूला जुनी टॅव्हर्न, म्हणजे बसून वाइन प्यायच्या जागा, आहेत. जर्मन शेतकरी इथे आले तेव्हा त्यांनी बांधलेली दगडी तळघरं, वर कौलारू खोली, लांब लाकडी बाकं. द्राक्षं घरच्या मळ्यातली, वाइनही घरचीच. तिथे यामिनीने सगळ्यांना नेलं. गाडी तिचा नवरा सिद्धेश चालवायचा आणि नंतर बाहेर बसून फोनवर क्रिकेट बघायचा.

काकूंनी ज्यूस मागवला होता. पण टॅव्हर्नच्या मालकीणबाईंनी, लोइसने, लाकडी फळीवर चार चार छोटे पेले सगळ्यांपुढे मांडले. "चाखून बघा, नाही आवडलं तर यात ओता," असं म्हणून मधोमध एक पत्र्याची बादलीही ठेवली. शोभनाने एक घोट घेतला, लिंबू चावल्यासारखं तोंड केलं आणि पेला बादलीकडे नेला.

"अगं, टाकतेस काय?" काकूंनी तिचा हात धरला.

"आंबट आहे."

"म्हणून ओतायचं? त्या बाईने वर्षभर राबून केलंय. आण इकडे."

काकूंनी आयुष्यात पानातलं लोणचंसुद्धा टाकलं नव्हतं. हळदीकुंकवाला उरलेली डाळ तीन दिवस संपवणारी बाई ती. त्यांनी शोभनाचा पेला संपवला. यामिनीला ऑफिसचा फोन आला म्हणून तिचाही संपवला. मग स्वतःच्या फळीवरचे चार समोर होतेच. त्यातल्या तिसऱ्या, लाल पेल्याशी काकू थांबल्या. आमसूल, जांभूळ आणि पावसात भिजलेलं लाकूड एकाच घोटात.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. आणि तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार ठरून गेले. नदीकाठची तीन-चार टॅव्हर्न बघून झाली, पण काकूंचं मन लोइसकडेच. आता एखाद्या बाईने दोन पेले वाइन घेतली तर तिच्या नवऱ्याला सांगायला काय हरकत होती? दुसऱ्या कुठल्याही बाईला नव्हती. सुलभाकाकूंना होती, कारण काकांना शपथ त्यांनीच घातलेली होती.

ती गोष्ट अनिकाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लहानपणची. त्र्यंबक म्हणून काकांचे एक मित्र होते, त्यांच्या घरी जानेवारीत वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर मित्रमंडळी बिअर घेऊन तळघरात गेली. काकांना दोन बिअर लागायच्या, त्याही शनिवारच्या. पोटात गेल्या की ते अधिकच प्रेमळ व्हायचे, बस्स. त्या दिवशी तिसरी गेली. काका वर आले आणि ज्या बेडवर पाहुण्यांचे कोट रचून ठेवले होते त्यावर जाऊन झोपले. बाहेर उणे पंचवीस, आणि आत पन्नास माणसांचे कोट काकांच्या खाली. एकेकाचा कोट ओढून काढावा लागला. कुणाच्या तरी कोटाच्या केसाळ मिंक कॉलरला मिठी मारून काका म्हणाले, "सुलू, थांब ना जरा."

हसून हसून लोक बेजार झाले. काकू हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी काकांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे, यापुढे थेंब घेतलात तर."

काकांनी हात मागे घेतला नाही. "बरं," म्हणाले.

आणि त्यांनी ती पाळली. रिटायरमेंटच्या पार्टीत पाळली, अनिकाच्या लग्नात पाळली. तिच्या सासऱ्यांनी शॅम्पेन पुढे केली तेव्हा काकांनी पाण्याचा ग्लास उंच धरला. मित्र त्यांना 'ज्यूस' म्हणायचे, तर काका म्हणायचे, "बिअर काय, पुढच्या जन्मीही मिळेल. ही बायको मिळेल का?" आणि काकू? काकू मराठी मंडळातल्या बायकांना सांगायच्या, "आमच्या ह्यांना नाही हो असलं काही." जणू ह्यांना तसं घडवून आणलं होतं दुकानातून.

त्यामुळे लोइसकडचा प्रत्येक घोट काकूंच्या गळ्यातून खाली उतरताना त्या शपथेला धक्का मारूनच उतरायचा. शेवटी गळा तोच होता. यापुढे जायचं नाही असं त्या दर वेळी परतताना ठरवायच्या. पुढचा शनिवार आला की मात्र त्यांना लोइसचे गुडघे दुखतात ते आठवायचं. बिचारीची चौकशी करायला नको?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सिद्धेशचा पाय बॅडमिंटन खेळताना मुरगळला. यामिनीने फोन केला. काकूंचे हात चकलीच्या पिठात, म्हणून काकांनी उचलून स्पीकरवर टाकला.

"काका, तुम्हीच चला ना ड्राइव्ह करायला! तुमच्यासारखा परफेक्ट माणूस नाही. तुम्ही तर घेतच नाही!"

"काय घेत नाही?"

सोऱ्यातून चकली सरळ ओट्यावर पडली.

"वाइन, काका! लोइसकडे जायचंय ना."

काकांनी फोनकडे बघितलं, मग काकूंकडे. "येतो," म्हणाले.

गाडीत शोभना हवेबद्दल बोलत राहिली. झाडं लाल-पिवळी पेटलेली होती, पण काकूंना त्यातलं एक पान दिसलं नाही. काय सांगावं ते त्या मनात जुळवत होत्या. एकच घोट घेते म्हणावं? पचनाला बरं म्हणावं? डॉक्टरांच्या गळ्यात घालावं?

काहीच घालायची वेळ आली नाही. लोइसच्या टॅव्हर्नमध्ये नेहमीच्या माणसांचे पेले बारच्या वरच्या खुंट्यांना टांगलेले असतात, प्रत्येकावर नाव रंगवलेलं. 'सुलभा' काही लोइसच्या जिभेला वळलं नव्हतं, तेव्हा काकूंनी तिला सोपं नाव दिलं होतं. काकांना बघून लोइसला कोण आनंद झाला! तिने कौतुकाने पेला खाली काढला आणि त्यांच्याच पुढे ठेवला, नाव त्यांच्याकडे करून. सुलू.

जगात त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता.

यामिनी म्हणाली, "शोभनामावशी, चला, मळा बघून येऊ." मॅनेजर उगाच होत नाही कुणी. दोघी गेल्या.

काकांनी पेला फिरवून बघितला. लोइसने त्यात लाल वाइन ओतली, काकांना सफरचंदाचा रस दिला.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"आणि ती द्राक्षं?"

"दुकानातली," काकू म्हणाल्या. हे सांगताना त्यांना वाइनपेक्षाही जास्त लाज वाटली.

काका वाकले. "वास घेतला तर चालेल? शपथेत वासाचं काही म्हणाली नव्हतीस."

ते थट्टेत बोलले की नाही हे काकूंना कळेना, आणि त्यामुळेच त्यांचे डोळे भरून आले. "अहो, सुटली. शपथ सुटली म्हणते मी. घ्या तुम्ही. हा माझाच घ्या."

"आत्ता? आणि गाडी कोण चालवणार, लोइस?" काका रस प्यायले. मग हळूच म्हणाले, "सुलू, मला राग आलाय. वाइनचा नाही. एवढी वर्षं मी नको म्हणत होतो ना, तेव्हा मला वाटायचं आपण दोघं मिळून नको म्हणतोय."

काकूंनी त्या दिवशी पेल्याला ओठ लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी बादलीत ओतलं.

पुढचे दोन आठवडे काका वागायला अगदी नेहमीसारखे होते. चहा करून द्यायचे, औषधाची आठवण करायचे. फक्त 'सुलू' म्हणेनात. 'अगं' म्हणायचे. काकूंना तेच खुपत राहिलं. शेवटी एका शनिवारी दुपारी त्या गाडीची किल्ली घेऊन काकांपुढे उभ्या राहिल्या.

"चला. लोइसकडे. आपण दोघंच."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. काकूंचं ड्रायव्हिंग म्हणजे लायब्ररी, इंडियन ग्रोसरी आणि परत. हायवेवर त्या कधी गेल्याच नव्हत्या. नुसतं फोर-नाइन्टी-फोर हायवेचं नाव काढलं तरी त्या किल्ली परत खुंटीला अडकवायच्या. अनिका म्हणून म्हणून थकली होती, "आई, जस्ट मर्ज!"

जाताना काकूंनी काकांना चालवू दिलं नाही. हायवेच्या धावत्या गाड्यांच्या रांगेत त्या मर्ज झाल्या. कशा झाल्या ते त्यांना आणि मागच्या चार गाड्यांनाच ठाऊक. लोइसकडे त्यांनी काकांपुढे लाल वाइन ठेवली, स्वतः रस घेतला आणि हात जोडून बसल्यासारख्या बसल्या. काकांनी मोठा घोट घेतला. लिंबू चावल्यासारखं तोंड झालं.

"कशी आहे?" काकूंनी घाबरत विचारलं.

"आंबट," काका म्हणाले. "अगं, मला वाइन कधी आवडतच नव्हती. मला बिअर आवडायची."

लोइसकडे बिअर मिळत नाही.

परतताना काकू उजव्या लेनमधून जेमतेम पंचेचाळीस मैलांच्या वेगाने चालल्या होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. शेजारून गाड्या सूंसूं जात होत्या.

"पुढच्या शनिवारी बिअरवाल्याकडे जाऊ," त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मी चालवीन. त्याच्या पुढच्या शनिवारीही."

काकांनी सीटबेल्ट जरा घट्ट ओढला. मग मागून एका अजस्र ट्रकने भोंगा वाजवला, आणि पुन्हा वाजवला.

"सुलू, जरा दाब की," काका म्हणाले.

"वाजवू दे त्याला," काकू म्हणाल्या. "मला वाजवतोय. बरोबरच वाजवतोय."