फिजाच्या गादीचा कापूस

धंद्यात टिकायचं तर चार जणांत वेगळं दिसावं लागतं, असं मोबाईलवर सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा पांढरकवड्यात येऊन जब्बारभाईला भेटावं. मी भीमराज, ऑटो चालवतो. पत्ता विचारत बसू नका, मीच सोडीन.

जब्बारभाई गाद्या भरतो. जुनी गादी उसवायची, कापूस मशीनवर पिंजायचा, नव्या खोळीत भरून टाके घालायचे. हे काम गावात इतरही करतात, आणि फोमच्या गाद्यांनी सगळ्यांच्याच पोटावर पाय आणलाय. कोरोनाच्या साली घरोघरी माणसं गेली. मेलेल्याची गादी आमच्याकडे लोक नाल्यावर टाकून येतात. गावातला दुसरा कुणी गादीवाला तिला हात लावेना, जब्बारभाईनं लावला. माझी आई, मथुराबाई, त्याच साली गेली. तिची गादी त्यानं माझ्यासमोर उसवली, कापूस गच्चीवर उन्हात टाकला, पिंजून परत भरून दिली. मी अजून तिच्यावरच झोपतो. बरं वाटतं, एवढंच सांगता येईल.

मग त्याचं नाव झालं. पार झरीच्या खेड्यांतूनही फोन यायला लागले. कुणी मेलं की जब्बारभाई, आणि लग्नाची गादी म्हटली की चौकातला नौशाद. नवरीची गादी आपल्याकडे यायची कधी बंद झाली, हे जब्बारभाईच्याही ध्यानात आलं नाही. मी टोकलं तर म्हणायचा, काम ते काम.

त्याची मुलगी फिजा. तिच्या गादीसाठी त्यानं पहिल्या वेच्याचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा चांगला कापूस कधीचा बांधून ठेवला होता, दुकानातल्या कापसात मिसळू देत नसे. फुलसावंगीला सोयरीक जमली. पाहुण्यांनी काहीच मागितलं नाही. फक्त म्हणाले, गादी तेवढी दुसऱ्याकडून भरून घ्या.

मी भांडायच्या तयारीत होतो. जब्बारभाईनं कापसाचं पोतं माझ्या ऑटोत टाकलं आणि नौशादकडे घे म्हणाला.

नौशाद त्याच्याच हाताखाली टाके शिकलेला. त्यानं पोत्याकडे पाहिलं, उघडलं नाही.

"चाचा, कापूस माह्या दुकानातला घालतो. पाहुण्यांले समजलं त मले बोलतीन."

नौशादची गचांडी धरावी असं मला वाटलं. जब्बारभाईनं मान हलवली. गादी भरून होईस्तोवर तो बाकावर बसून राहिला. कापूस कसा पिंजला, हेही त्यानं हात घालून पाहिलं नाही. पोतं परत आणलं, दुकानाच्या कोपऱ्यात ठेवलं. लग्न झालं. जेवण चांगलं होतं.

ईदला फिजा माहेरी येऊन गेली. त्यानंतर एकदा मी चहाला गेलो, तर जब्बारभाई कुणाच्या तरी मेलेल्या बापाची गादी भरत होता. फिजाची पाठ दुखते म्हणाला, गादीत गोळे झाले. मी म्हटलं, मग घेऊन येऊ, ऑटो काढतो.

"तुह्या ऑटोत येऊ देतीन, भीमराज. माह्या दुकानात नाही येऊ देनार," तो म्हणाला. "नौशादकडं टाक म्हनलो तिले."

समोरच्या मेलेल्या बापाच्या गादीत कापूस कमी पडत होता. जब्बारभाईनं कोपऱ्यातलं पोतं ओढलं, गाठ सोडली आणि तिच्यात रिकामं केलं.