काजळाचा टिळा लावलेली सांगड

मे महिन्यात मुंबईची बोट मालवणच्या बंदरात लागली की आमच्या घरातल्या सगळ्या चांगल्या वस्तूंचा मालक बदलायचा. नवी चटई, अढीतला पहिला पिकलेला आंबा, सुरमईची मधली तुकडी, सगळं काका-काकीबरोबर आलेल्या त्यांच्या मुलाचं. तो एकुलता एक, नऊ वर्षांचा, अंगाने किरकोळ आणि खाण्यात भारी चोखंदळ. आम्ही दोघी बहिणी शेपटीच्या तुकडीवर भागवायचो. मी अकराची, धाकटी सातची. तोंड वाकडं केलं की आई दोनच शब्द बोलायची, "पावण्याक पयलां." वडील मुंबईला गोदीत कामाला होते, काकाच्या खोलीत राहत आणि काकीच्या हातचं जेवत. त्यामुळे त्या दोन शब्दांपुढे घरात कोणाचं काही चालत नसे. मला त्या मुलाचा राग यायचा. आता या वयात ते लपवून काय करू?

सुट्टीत विकतचं खेळणं वाडीत कोणाकडेच नसायचं. हवं ते हाताने करायचं, आणि कोणी काय करायचं ते वयावर ठरलेलं. चार-पाच वर्षांच्या पोरांनी माडाच्या पातीची घड्याळं आणि चष्मे वळायचे. सहा-सातच्यांनी पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा तो रुंद देठ, शोधून आणायची. एकाने त्यावर बसायचं आणि दुसऱ्याने अंगणभर ओढायचं. बसणाऱ्याची ढोपरं फुटायची आणि ओढणाऱ्याला शिव्या बसायच्या. दहावं सरलं की कोयती हाती मिळे, आणि कोयती मिळाली की सांगड करायला घेता येई.

सांगड म्हणजे दोन सुके भोपळे काथ्याच्या दोरीने जोडायचे, मधल्या दोरीवर छाती टेकायची आणि पाण्यात पाय मारायचे. आमच्याकडची सगळी पोरं अशीच पोहायला शिकली. त्यासाठी कडू भोपळा लागतो. तो वेलावरच जून होऊ द्यायचा, मग चुलीवरच्या फळीवर महिनोन्‌महिने धुरात वाळवायचा. देठाशी भोक पाडून बिया काढायच्या, लाकडी बूच ठोकायचं आणि वरून राळ लावायची. राळ मात्र तेलात कढवून घ्यावी लागते. नुसती लावली तर वाळून ठिसूळ होते आणि उन्हात तिचे पापुद्रे सुटतात. होड्यांना राळ लावणाऱ्या माणसांकडून हे मी शंभरदा ऐकलेलं होतं.

त्या वर्षीच्या सांगडीचे भोपळे धाकटीचे होते. गोठ्याच्या कुडाशी बी तिने पेरलं, कळशीने पाणी तिने घातलं, गुरं वेलाला तोंड लावतील म्हणून काट्या तिने रोवल्या. कोयती आणि बूच हे माझं काम, पण भोपळे तिचे. सांगड तयार झाली तेव्हा आईच्या डबीतलं काजळ आणून तिने दोन्ही भोपळ्यांना एकेक टिळा लावला. दृष्ट लागायला नको म्हणून! मी हसले, तर म्हणाली, "हसा नको गो, बायो. आयेन तुका पण लायलेला."

गेल्या सालची जुनी सांगड माझी. तिचा एक भोपळा चैत्रात फळीवरून पडला होता आणि त्याला बोटभर चीर गेली होती. मी चीर राळेने बुजवली, पण तेल घातलं नाही. तेलाची बरणी आईने पाहुण्यांच्या तळणासाठी जपून ठेवलेली, थेंब मागितला असता तरी ओरडली असती. मी नुसतीच राळ वितळवून ओतली, वर बोट फिरवलं आणि झालं म्हटलं.

खाडीच्या मधोमध एक जुवा आहे, चार माड आणि वाळू एवढंच बेट. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथे तिसऱ्या सापडतात. शिंपल्या उकरून काढायच्या, तिथेच तीन दगडांवर उकडायच्या आणि मीठ लावलेल्या कैरीबरोबर खायच्या, ही आमची सहल. काठ आणि जुवा यांच्यामधलं पाणी सुकतीला माझ्या छातीला लागे. धाकटीच्या ते डोक्यावरून जाई. चुलतभावाने आठवडाभर हट्ट धरला होता, तेव्हा आईने तिघांना जाऊ दिलं. निघताना मला म्हणाली, "पावण्याक संभाळ गो. मुंबयचो पोर तो, तेका पाण्याची सवय नाय."

काठावर आल्यावर मी नवी सांगड उचलून त्याला दिली. धाकटी बघत राहिली. "बायो, ती माझी मगे?" एवढंच म्हणाली. मी तिच्यावर खेकसले, "पावण्याक पयलां. तू जुनी घे." तिने जुनी घेतली. रडली नाही, पाय आपटले नाहीत. तिचा स्वभावच तसा. चिरेची आठवण मला त्या क्षणी झाली होती. झाली होती आणि मी म्हटलं, एवढ्याशा पाण्याला काय होतंय!

मी चुलतभावाची सांगड धरून पुढे निघाले. तो घाबरून माझ्या मानेला मिठी मारत होता, त्याला सावरण्यातच माझं सगळं लक्ष. एकदा मागे वळून पाहिलं तेव्हा ती पाय मारत येत होती. जुव्यावर त्याला चढवलं आणि पुन्हा वळले तर पाण्यावर एकच भोपळा दिसत होता, तोही अर्धा बुडालेला.

मी उडी मारली, हाका मारल्या. पलीकडे पाग टाकणारा एक माणूस जाळं सोडून धावत आला. त्यानेच तिला बाहेर काढलं, पण फार उशीर झाला होता. तिची मूठ दोरीत अडकलेली होती. माणसाने सांगड बाजूला टाकली तेव्हा फुटका भोपळा आतल्या पाण्याने खुळखुळला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि आला की मी हातातलं काम टाकून उठते.

त्या माणसाने चुलतभावालाही सांगडीसकट काठावर आणलं, तोवर आई धावत आली. काका-काकीही आले. आईने धाकटीला मांडीवर घेतलं, आणि मान वर करून मला विचारलं, "तिच्याकडे जुनी सांगड कशी गो इली?"

चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता. काजळाचे टिळे लावलेली सांगड त्याच्या पायाशी पडलेली. मी म्हटलं, "तिनाच घेतल्यान. हट्ट केल्यान, माका जुनीच होई म्हणान." तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

तेव्हापासून आमच्या घरात धाकटी हट्टी झाली. वडील आले, त्यांना आईने तेच सांगितलं. वाडीतल्या बायका बसायला आल्या की आई पदराने डोळे पुसत म्हणायची, "हट्टी होता माझा चेडू. आयकला नाय कोणाचा." दर मे महिन्यात काकी गळ्यात पडून रडायची आणि आई तेच बोलायची. हळूहळू सगळी वाडी बोलायला लागली. एखादं पोर ऐकेना झालं की त्याला तिचं उदाहरण देत. जिने जन्मात मधली तुकडी मागितली नाही, ती गावाच्या तोंडी हट्टी पोर म्हणून राहिली. मी ते ऐकत जेवायचे, शाळेत जायचे, केस विंचरायचे. आईला फसवल्याची लाज वाटे आणि सुटल्याचं बरंही वाटे. दोन्ही खरं आहे.

सात वर्षांनी माझं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी आई आणि मी मागीलदारी तांदूळ निवडत होतो. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, चीर, तेल, खेकसणं, सगळं. आईचे हात सुपात चालतच राहिले.

"माका तेवाच कळला होता," ती म्हणाली. "काजळ लावलेली आपली सांगड सोडून ती जुनी कित्याक घेतली? आणि हट्ट? तिना जल्मात कसलो हट्ट केल्यान?"

"मगे तू सगळ्यांका तसा कित्याक सांगत रवलस?"

"एक चेडू खाडयेन नेल्यान. दुसऱ्याक लोकांच्या तोंडी देवू? तुझ्या बापाशीन तुका जित्ती ठेवल्यान नसती. आणि पावण्याक पयलां म्हणान तुका शिकवल्यान कोणी? मीच मगे." तिने सूप खाली ठेवलं. "माझ्या तोंडान मी तिका सात वर्सां वायट म्हटलंय. आता तू सासराक जातस. थंय कोणी भयणीचा इचारला तर तिका तरी हट्टी म्हणा नको."

मी हो म्हटलं. आईच्या पायावर हात ठेवून म्हटलं.

सासरी जाऊन आठवडा झाला असेल. थोरल्या जावेने मासे कापता कापता सहज विचारलं, "तुका भयण आसा काय गो?"

मी म्हटलं, "नाय. मी एकटीच."