पूजेनंतरची गोळी

मंजुश्रीला होणारी सासू गौरम्मा पहिल्यांदा नीट दिसली ती उदगीरला, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात. बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, गौरम्मा गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याकडे.

"लिंग बांधतीस, बरं हाय. पूजेआधी चहा पितीस का?"

मंजुश्री खरं बोलली, "पिते."

"आमच्यात पूजेआधी थेंब चालत न्हाई."

लग्न तरी ठरलं. त्या दिवशीची अढी मात्र चोवीस वर्षांत गेली नाही.

बहात्तरी गाठली तरी गौरम्मानं क्रम मोडला नाही. आंघोळ, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग बीपीची गोळी, मग भाकरी. डॉक्टरनं गोळी नुसती 'सकाळी' सांगितली होती. तिनं ती पूजेला बांधून टाकली.

गेल्या दिवाळीपासून तिचं बिघडलं. उठताना भिंत धरायची, वरणात दोनदा मीठ टाकायची, सख्ख्या भाच्याचं नाव आठवेना. महिन्याच्या गोळ्या पंधरवड्यात संपू लागल्या, तेव्हा ती गल्लीभर सांगत सुटली, "सून गोळ्या चोरायलीय. मी मेले की किल्ल्या हिच्याच."

मंजुश्रीनं बोलणं टाकलं. ताट समोर आदळायचं, एवढाच काय तो संबंध.

दहाच्या सुमारास सासू पुन्हा पूजेला बसते, हे तिला दिसत होतं. 'सकाळी झाली की तुमची पूजा,' एवढं सांगायला जीभ उचलत नव्हती. स्वयंपाकघर अडवून आपल्याला छळायलाच बसते म्हातारी, असं तिनं धरलं. बसू दे.

शेवटी मुलानं, उमाशंकरनं, आईला देवणीला मावशीकडे ठेवायचं ठरवलं.

"अव्वा, तुझं डोकं चालंना झालंय."

"डोकं तुझ्या बायकोचं फिरलंय. मला या घरातून न्यायचं तर थेट मसणात न्या."

जाण्याआधी एकदा लातूरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी निजवून बीपी घेतलं, मग उभं करून. उभ्यानं ते एवढं घसरलं की गौरम्माला धरून बसवावं लागलं.

"मेंदूला रक्तच पुरत नाही यांच्या. गोळी दिवसाला किती?"

"एक. पूजा झाली की," गौरम्मा म्हणाली.

मंजुश्री दाराशी उभी होती. गप्प राहिली असती तर चार दिवसांत सासू देवणीला गेली असती.

"पूजा दोनदा होते," ती म्हणाली. "रोज. मी बघते."

"खोटं बोलती."

उमाशंकर बायकोकडे वळला. "मग मला सांगायचं न्हाई?"

"सांगून काय? चोराचं कोण ऐकतंय?"

बाईंनी गोळी निम्म्या ताकदीची, दिवसाला एकच केली. नसा वयानं अरुंद झाल्यात, थोडं विसरणं राहीलच, म्हणाल्या. पण बरंचसं या दुप्पट गोळीनं झालंय. पाकीट सुनेकडे ठेवा.

"चोराकडंच?" गौरम्मानं विचारलं.

भिंत धरणं महिन्याभरात सुटलं. देवणीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. गौरम्मा उदगीरलाच आहे. किल्ल्या तिच्या कमरेला, गोळ्या मंजुश्रीच्या कपाटात. सकाळी पूजा उरकली की ती सुनेपुढं हात करते, "दे, चोरटे." कधी दहाला पुन्हा बसली, तर मंजुश्री सांगते, "झाली तुमची पूजा." तरी ती बसते. गोळी मिळत नाही.