बाईंच्या पाण्याचा प्रश्न

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की आमच्या राहाता गावात मध्यंतरी पाण्याचा बिकट प्रश्न उभा राहिला होता. नळाचा नव्हे. नळ आपल्या सवडीनं येतच होता. प्रश्न असा होता, की पळताना बाईंनी पाणी न्यावं कशातून?

बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. हल्ली त्या लेकीकडे नाशिकला असतात, म्हणून हे लिहायची हिंमत होतेय. दुकानातली कुठलीही बाटली त्या आधी कानाशी धरून हलवायच्या, नारळ बघावा तशी. मग दुकानदाराला परत देत म्हणायच्या, "हिच्यात दम नाही."

पळायला लागल्या त्या निवृत्तीनंतर. भाऊबीजेला माहेरी गेल्या आणि बोलून बसल्या, "पुढच्या वेळी पळत येईन." माहेर कालव्याच्या रस्त्यानं चांगलंच लांब. थोरले बंधू बाजेवर बसले होते. या माणसानं जन्मात तांब्याला हात लावला नव्हता. बाजेवरून नुसतं "पाणी!" म्हणायचं, की घरातलं कुणीतरी धावलंच.

ते म्हणाले, "तू? पळत? आगं, जेवायच्या आत आलीस तर वेशीत मी सोता तांब्या घिऊन हुबा ऱ्हाईन. न्हाई आलीस तर ही थेरं कायमची बंद!"

"बंद," बाई म्हणाल्या.

तिथून बाटल्यांचे दिवस सुरू झाले. हातातली बाटली पहिल्याच दिवशी बाद. बाईंना हातवाऱ्यांशिवाय बोलता येत नसे आणि बोलल्याशिवाय पळता येत नसे. मग कमरेचा पट्टा आला, त्यात दोन छोट्या बाटल्या. त्या अशा डुचमळायच्या, की आवाजानं गल्लीतली कुत्री मागे लागायची. शेवटी लेकीनं पाठीवरची पिशवी पाठवली. आत पाणी, खांद्यावरून तोंडाशी येणारी नळी. बाई खूश! कालव्यावर पोचल्या, तर पेरूच्या बागेतून एक शेतकरी धावत आला.

"बाई, आमच्याकडं बी दोन पंप मारा की! मिलीबगची कीड लई झालीया."

"अहो, हे प्यायचं आहे!"

"औषिद पिता व्हय?"

पिशवी परत नाशिकला.

मी म्हटलं, "मी स्कूटरवरून पाणी घेऊन मागे येतो."

"मग माहेरी तुमची स्कूटर पळत गेली म्हणायचं."

आणि मग बाईंना उत्तर सापडलं. रस्त्याला माणसं राहतात की! काहीच न्यायचं नाही, वस्तीवर मागायचं. करून पाहिलं. पण आपल्याकडे नुसतं पाणी देतं कोण? आधी गूळ आला, मग चहा. मग तिथली सून बाईंची विद्यार्थिनी निघाली. बाई दुपारी जीपनं परतल्या, ओटीत पेरू घेऊन. पायरीवर बसल्या आणि हात न हलवता म्हणाल्या, "त्या दिवशी असं झालं तर माझं पळणं गेलं हो." हात न हलवता! मी घाबरलोच.

दुसऱ्या दिवशी त्या वस्तीवस्तीवर जाऊन वर्ग घेऊन आल्या. "रविवारी मी माहेरी पळत जाणार. फक्त पाणी. उभ्यानं. 'बसा' म्हणायचं नाही."

रविवार उजाडला. मी मागून स्कूटरवर, नुसता साक्षीदार. प्रत्येक वस्तीच्या कडेला कुणी ना कुणी तांब्या घेऊन उभं. गूळ नाही, चहा नाही. पण एकीचं पाणी प्यायलं तर दुसरीला नाही म्हणणार कसं? एक आजी तर वाट अडवून म्हणाली, "माझंच कडू हाय का?" बाई प्यायच्या, पळायच्या, पुन्हा प्यायच्या. शेवटी शेवटी त्यांच्या पोटातून त्या जुन्या पट्ट्यासारखा आवाज येऊ लागला. कुत्रीसुद्धा मागे लागली. ऊन चढलं, बाईंची पावलं जड झाली, आणि मी मनातल्या मनात बाईंच्या माहेरचा स्वयंपाक लांबवत होतो.

वेस आली. लिंबाखाली थोरले बंधू, बाईंचे दादा, उभे. दोन्ही हातांत तांब्या, नवं मूल पहिल्यांदा घेतल्यासारखा. मागून घरातली सून हाक मारत होती, "मामंजी, ताट करू का?"

"थांब!" दादा ओरडले आणि तांब्या पुढे केला.

बाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. "दादा, जिंकले रे. पण आता घोटभरसुद्धा जागा नाही."

दादांचा चेहरा पडला. तांब्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि ते अख्ख्या गावासमोर ओरडले,

"आगं, तुझी वाट बघून बघून दोन तांबे मीच पिलो! ह्यो तिसरा हाय, सोता भरलाय म्या!"